रामगंगेकाठची राख

उत्तर प्रदेशातील मुरादाबादला 'पीतलनगरी' म्हणतात. भट्टी पेटवणे, धातू गाळणे, भंगार हातात घेताच त्याची जात ओळखणे या शहराच्या अंगवळणी पडलेले आहे. पितळेच्या धंद्यातली बरकत ओसरू लागली, तेव्हा यातल्या अनेक कारागिरांनी दुसरा माल धरला. हा माल म्हणजे संगणक, टीव्ही आणि मोबाइल यांच्या पोटातल्या हिरव्या पाट्या, अर्थात सर्किट बोर्ड.

हा माल बराचसा येतो दिल्लीच्या सीलमपूरहून. तिथल्या गल्ल्यांत जुनी यंत्रे सुटी होतात. एक संगणक घेऊन बसलेला कारागीर पेचकस, हातोडी आणि छिन्नी एवढ्यावर काही मिनिटांत त्याचे भाग वेगळे करतो. लोखंडी पेटी एकीकडे, ॲल्युमिनियम दुसरीकडे, तांब्याची तार तिसरीकडे. प्लास्टिकची जातवारी लागते. चालू स्थितीतली चिप काढून दुरुस्तीवाल्याकडे जाते. इतकी काटेकोर वर्गवारी मोठमोठ्या यंत्रांनाही सहज साधत नाही. मुंबईत कुर्ला, साकीनाका भागातही हेच काम चालते. इथपर्यंत या धंद्यात नाव ठेवावे असे फारसे काही नाही.

विषाचा भाग यानंतर मुरादाबादेत सुरू होतो. पाटीला आच दिली की डाख वितळतो आणि सुटे भाग गळून पडतात. जुन्या पाट्यांच्या डाखात साधारण ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असते. त्याचा धूर आच देणाऱ्याच्या थेट नाकातोंडात जातो. उरलेली पाटी जाळतात. आग लागू नये म्हणून पाटीत ब्रोमीनयुक्त रसायने मिसळलेली असतात. ती उघड्यावर जळली की डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात. मग राख दळायची, पाण्यात धुवायची, चाळायची. जड धातू तळाशी बसतो, काळा गाळ शहराजवळच्या रामगंगा नदीत जातो. सोन्याचा मुलामा असलेले भाग तेजाबात पडतात आणि ते तेजाबही शेवटी गटारात किंवा मातीत जाते. राख धुण्या-चाळण्याच्या कामात बायका असतात, पोरेही असतात. विज्ञान व पर्यावरण केंद्राने २०१५ साली इथली माती आणि पाणी तपासून जड धातूंच्या प्रदूषणाकडे लक्ष वेधले होते.

माणसाच्या शरीरावर याचा काय परिणाम होतो, याचा पुरावा चीनमधल्या ग्वेयू गावाने दिला. तिथे हाच उद्योग घरोघरी चालत असे. शांतौ विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा वर्षांखालील १६५ मुलांचे रक्त तपासले आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर डेसिलीटर रक्तात सरासरी १५.३ मायक्रोग्रॅम शिसे सापडले. शेजारच्या गावात हे प्रमाण ९.९४ होते. जागतिक आरोग्य संघटना आज ५ मायक्रोग्रॅमलाच सावध होऊन कारण शोधायला सांगते, कारण शिसे मुलांच्या वाढत्या मेंदूवर घाला घालते आणि झालेले नुकसान भरून येत नाही.

एवढे भोगून हाती किती लागते? बंगळुरूतल्या अनौपचारिक पद्धतीचा अभ्यास झाला, तेव्हा पाटीतले जेमतेम २५ टक्के सोने मिळत असल्याचे दिसले. आधुनिक धातुशुद्धी कारखान्यात ९५ टक्क्यांच्या आसपास मिळते. म्हणजे विषही पदरात आणि सोनेही वाया. सुटे करण्यात आपला कारागीर सरस, धातू काढण्यात कारखाना सरस. दोघांची सांगड घालणे हाच यावरचा शहाणा उपाय आहे.

आपले नियम मात्र या सांगडीपर्यंत अजून पोहोचलेले नाहीत. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ साली आले. २०१६ साली ते बदलले, आणि २०२२ चे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. उत्पादकांनी नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्यांकडून प्रमाणपत्रे घ्यायची, अशी त्यात व्यवस्था आहे. पण दारात येऊन रोख पैसे मोजणारा भंगारवाला या साखळीत कुठेच धरलेला नाही. माल त्याच्याकडेच जातो आणि पुढे भट्टीकडे. नुसता बुलडोझर फिरवूनही भागत नाही. घानाच्या राजधानीतला आग्बोग्ब्लोशीचा भंगार बाजार जुलै २०२१ मध्ये पाडला गेला, तेव्हा काम थांबले नाही, आसपास विखुरले.

जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला. त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला मोठा भाग याच अनामिक हातांतून जातो. पुण्यात 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ पासून कचरावेचकांना संघटित करत आली आणि तिच्यातून उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेसोबत काम करते. ओळखपत्र आणि हक्काचा मोबदला मिळाला की हेच लोक शहराची अधिकृत यंत्रणा बनतात, हे पुण्याने दाखवले आहे. ई-कचऱ्यातही हेच करायला हवे. पाट्या सुट्या करणाऱ्यांची नोंदणी करा, हातमोजे आणि हवेशीर जागा द्या, आणि अखंड पाटी भट्टीवाल्यापेक्षा चढ्या भावाने विकत घ्या. त्यासाठीचा पैसा उत्पादकांकडून आलाच पाहिजे.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुने फोन, चार्जर, रिमोट निघाले असतील. ते ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका; आपल्या शहरातल्या अधिकृत संकलन केंद्रावर द्या आणि पावती मागा. नवी वस्तू घेताना जुनी परत घेण्याची सोय आहे का, हे दुकानदाराला विचारा. आपल्या घरातली पाटी दुसऱ्याच्या लेकराच्या रक्तात शिसे होऊन उतरू नये, ही जबाबदारी आपलीही आहे.