दिल्ली ते टोकियो: तिकिटावरचे तास आणि हवेतले तास

समजा, रात्री ८ वाजता दिल्लीहून सुटलेलं थेट विमान सकाळी ७ वाजता टोकियोत उतरतं आणि परतीचं विमान तिथून सकाळी ११ला निघून संध्याकाळी ५ला दिल्लीत पोहोचतं. या वेळा वाचून ‘जाताना ११ तास, येताना फक्त ६’ असा हिशेब अनेकजण करतात. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाची असते आणि जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. तो फरक जुळवला की जायला साधारण साडेसात तास लागतात, यायला साडेनऊ.

मग परतीला दोन तास जास्त का? पृथ्वी फिरते म्हणून, असं उत्तर हमखास मिळतं. ते चूक आहे. पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं, विमानही त्याच हवेत असतं. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक प्रचंड झोत वाहतो. हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. जाताना हा वारा विमानाला ढकलतो, येताना अडवतो. उन्हाळ्यात तो मंदावून उत्तरेकडे सरकतो, तेव्हा दोन्ही प्रवासांच्या वेळेतला फरक कमी होतो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून हा झोत मोजला आणि १९२६ साली निष्कर्ष एस्पेरांतो भाषेत छापले. जगाने दखल घेतली नाही. १९४४मध्ये टोकियोवर गेलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना हाच वारा भोवला, तेव्हा त्याची ताकद कळली. ओइशींचं हे काम आपल्याकडे अधिक ठाऊक असायला हवं.

अंतराबद्दलही घोटाळा होतो. दोन्ही शहरांतलं हवाई अंतर सुमारे ५,९०० किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेघ म्हणजे जवळचा रस्ता नव्हे. पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट उत्तरेकडे वळून तिबेटवरून जाते. पण प्रवासी विमानं सहसा तीही घेत नाहीत. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर विमानाला लगेच सुमारे १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण मुखवट्यांतला प्राणवायू साधारण १२ ते १५ मिनिटंच पुरतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच सुमारे १५,००० फूट आहे. खाली यायला जागाच नाही. त्यामुळे हिमालयाच्या दक्षिणेने, म्यानमारकडून वळसा घेतला जातो. तो वळसा सुरक्षेसाठी आहे, इंधनाची उधळपट्टी नव्हे.

तिकीट काढताना सुटण्या-पोहोचण्याच्या वेळांऐवजी ‘एकूण कालावधी’ पाहा आणि विमानतळाचं नावही वाचा. हानेदा टोकियोच्या मध्यापासून सुमारे १५ किलोमीटरवर आहे, नारिता तब्बल ६० किलोमीटरवर.