सेंट्रिंग काढायची वेळ

दिल्लीच्या गफ्फार मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या टेबलाशी मी पाऊण तास उभा होतो. फोन भाच्याचा. तो यूपीएससीच्या तयारीसाठी करोल बागेला लागूनच असलेल्या राजेंद्रनगरात राहतो. "मामा, कंपनीच्या लोगोपाशी अडकतो, पुढे जातच नाही," एवढीच त्याची तक्रार. कारागिराने मागचे झाकण काढले, बॅटरी सोडवली आणि तिच्या जागी डीसी पॉवर सप्लायच्या लाल-काळ्या तारा लावल्या. सप्लाय चार व्होल्टच्या आसपास ठेवला. मग बटण दाबले आणि फोनच्या पडद्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याची नजर सप्लायवरच्या अँपिअरच्या आकड्यावर होती. आकडा शून्यावरून उठला, थबकला, झपकन चढला, जरा उतरला, पुन्हा चढला. काही सेकंदांनी एकदम खाली आला आणि सगळे पहिल्यापासून सुरू झाले. "कर्नल तक जा रहा है, उसके आगे गिर रहा है," तो म्हणाला.

लिनक्सवर चालणाऱ्या लहान बोर्डांवर मी बरीच वर्षे काम केले आहे. यंत्र चालू होतानाचे पहिले काही सेकंद मी नेहमी लॉगच्या ओळींतून वाचत आलो. हा माणूस तेच सेकंद विजेच्या आकड्यातून वाचत होता, आणि बिनचूक वाचत होता. बूटलोडर उठला की वीज इतकी, कर्नलने, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याने, प्रोसेसरचे सगळे कोअर जागे केले की इतकी, पडदा उजळला की इतकी, हे हिशेब त्याच्या डोळ्यांत बसलेले होते. त्या टेबलाशी उभ्या उभ्याच ठरवले की या काही सेकंदांत मेमरीचे काय होते ते एकदा मराठीत नीट लिहून काढायचे. आपल्या खिशात रोज घडणारी ही गोष्ट आपल्या भाषेत फारशी कुणी सांगितलेली नाही.

पहिली अडचण अशी, की फोन चालू होतो तेव्हा त्याची मुख्य मेमरी वापरण्याजोगी नसते. रॅमच्या चिपशी बोलायचे तर तारांवरच्या संकेतांची वेळ आधी जुळवून घ्यावी लागते, आणि ती जुळवणारा प्रोग्राम ठेवायला रॅमच नसते. म्हणून प्रोसेसरच्या पोटातच कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्राम असतो, बूट रॉम. तो चिपच्या आतल्या चिमूटभर मेमरीवर भागवतो, स्टोरेजमधून पुढचा प्रोग्राम उचलतो, तो पुढचा प्रोग्राम रॅमला जागे करतो, आणि मग कुठे बूटलोडर कर्नलला रॅममध्ये आणून ठेवतो. क्वालकॉमच्या फोनमध्ये स्टोरेजवरचा पुढचा प्रोग्राम सापडला नाही तर बूट रॉम तिथेच थांबतो आणि संगणकाला जोडल्यावर 9008 या आकड्याचे उपकरण म्हणून दिसतो. गफ्फारमधल्या कारागिरांना हा आकडा तोंडपाठ आहे. फोन बाहेरून पूर्ण मेलेला असला तरी 9008 दिसले की आत धुगधुगी आहे, हे त्यांना कळते.

कर्नल रॅममध्ये आला तरी सुरुवातीला मेमरी वाटून देणारा कुणी नसतो. एरवी कोणत्याही प्रोग्रामला जागा हवी असली की तो कर्नलकडे मागतो. कर्नलला स्वतःला हवी असली तर कुणाकडे मागायची? त्यासाठी लिनक्समध्ये मेमब्लॉक नावाचा एक साधा, तात्पुरता कारभारी आहे. त्याच्याकडे दोन याद्या असतात: एक, मेमरी कुठून कुठपर्यंत आहे, दुसरी, त्यातली कोणती आधीच कुणासाठी राखली आहे. प्रत्येक यादीत सुरुवातीला साधारण 128 नोंदींची जागा, तीही कर्नल बांधतानाच त्याच्या पोटात ठेवून दिलेली, कारण मागायला कुणी नाही. एवढ्या भांडवलावर तो पुढच्या खऱ्या वाटपाची तयारी करतो. त्या तयारीचाच खर्च मोठा असतो. रॅमचे 4 केबीचे एकेक पान धरून प्रत्येक पानामागे 64 बाइटांची नोंद ठेवावी लागते. 8 जीबीच्या फोनमध्ये अशी पाने 20 लाखांहून जास्त भरतात आणि केवळ त्यांच्या नोंदी 128 एमबी खातात. "आठ जीबीचा घेतला, पण आत आठ पूर्ण दिसत नाही" ही तक्रार या गल्लीत रोज ऐकू येते. तिच्यामागे मोडेमसाठी आणि इतर चिपसाठी राखलेली जागा आहे, तसे हे जमाखर्चाचे वहीखातेही आहे. वहीखाते तयार झाले की मेमब्लॉक आपल्याकडची सगळी मोकळी पाने कायमच्या कारभाऱ्याच्या हाती देतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. कर्नलमधला पुष्कळसा कोड यंत्र चालू होताना एकदाच लागतो. मेमरी मोजणे, प्रोसेसरचे गुण ओळखणे, चालू करताना दिलेल्या सूचना वाचणे, सुरुवातीचे तक्ते भरणे. ही कामे झाली की त्या कोडची गरज संपते. आणि कर्नलची मेमरी डिस्कवर ढकलून ठेवता येत नाही. तिथे जे बसले ते यंत्र बंद होईपर्यंत रॅममध्ये बसलेच. घराचा स्लॅब टाकताना खाली सेंट्रिंग लावतात, फळ्या आणि टेकू. ते तसेच ठेवले तर घरात राहायला जागा उरणार नाही. काढायचे तर स्लॅब नीट धरल्यावरच काढायचे. एक दिवस आधी काढले तर अख्खा स्लॅब खाली.

लिनक्सचा कर्ता लिनस टॉरवाल्ड्सने 1991च्या अखेरीस काढलेल्या 0.11 या आवृत्तीत हे सेंट्रिंग ज्या तऱ्हेने काढले होते, ते वाचताना आजही माझा श्वास अडकतो. 32 बिटांत शिरल्यावरचा पहिला कोड मेमरीच्या अगदी शून्याव्या पत्त्यावर बसवलेला होता. मेमरीच्या पानांची मुख्य अनुक्रमणिकाही शून्याव्या पत्त्यावरच ठेवायची होती. म्हणजे कोड आपले काम करतो, आणि मग त्याच्याच अंगावर अनुक्रमणिका लिहिली जाते. लिनसने टिपेत तसे स्पष्ट लिहून ठेवले आहे. पण पुसणारा हात पुसल्या जाणाऱ्या पाटीवर असून चालत नाही. म्हणून अनुक्रमणिका मांडणारा तुकडा त्याने 20 केबीपलीकडे ठेवला, अनुक्रमणिका आणि तिच्यानंतरचे पानांचे चारही तक्ते यांच्या मागे. बूट सेक्टरचेही तेच. बायोस तो 512 बाइटांचा तुकडा ठरावीक पत्त्यावर आणून टाकतो, तो स्वतःला उचलून वरच्या पत्त्यावर नेतो, आणि त्याचे काम संपल्यावर त्याच जागेवर पडद्याची, डिस्कची, मेमरीची माहिती लिहिली जाते. एक इंचही वाया घालवायची सोय नव्हती.

ही हातचलाखी एका माणसाच्या डोक्यात मावते. शेकडो लोक लिहीत असलेल्या कर्नलमध्ये मावत नाही. तिथे नियम लागतो. जानेवारी 1999मध्ये आलेल्या 2.2 आवृत्तीत तो होता: एकदाच लागणाऱ्या प्रत्येक फंक्शनच्या नावाआधी 'इनिट' ही खूण लिहायची. कर्नल बांधताना अशी सगळी फंक्शन विखुरलेल्या जागांहून गोळा होऊन सलग एका ठिकाणी बसतात, पानाच्या कडेपासून पानाच्या कडेपर्यंत. सगळे सुरू झाले की तो अख्खा पट्टा मोकळ्या मेमरीत जमा होतो आणि लॉगमध्ये ओळ उमटते, 'फ्रीइंग अनयूज्ड कर्नल मेमरी', पुढे आकडा. तेव्हा तो आकडा साठ-सत्तर केबी असायचा. आजच्या लॅपटॉपवर तो काही एमबी असतो.

एवढ्याशा जागेसाठी इतका खटाटोप का, असे कुणी विचारले की मला बाजूच्या गल्ल्या आठवतात. करोल बागेत बीडनपुरा आणि रेगरपुऱ्याकडे सोन्याचे दागिने घडवणारे कारखाने आहेत. तिथला केर कुणी टाकून देत नाही. कारागिराच्या बैठकीखालची धूळ, हात धुतलेले पाणी, झाडलेले पायपुसणे, सगळे साठवतात आणि त्यातून सोने काढतात. विटा-खानापूर-आटपाडीकडची आपली गलाईवाली मंडळी याच धंद्यात देशभरच्या सराफ बाजारांत पसरली आहेत. दिवसाच्या केरात सोने किती निघते हे त्यांना विचारू नये, वर्षाचे विचारावे. 8 एमबी रॅमच्या संगणकावर साठ केबी ही तशीच कमाई होती.

पट्टा सोडायच्या क्षणाकडे मात्र नीट पाहायला हवे. कर्नलचे पहिले मोठे फंक्शन, ज्यातून सगळी सुरुवात होते, तेही 'इनिट' खुणेचेच आहे. ते शेवटी एका नव्या धाग्याला, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामाला, जन्म देते, आणि तो धागा उरलेली कामे करून पट्टा सोडून देतो. आता समजा नवा धागा वेगाने पुढे गेला आणि जुना अजून पहिल्या फंक्शनमध्येच रेंगाळला. मग बसलेल्या फांदीवरच कुऱ्हाड पडणार. यासाठी पहिल्या फंक्शनचे शेपूट कापून वेगळे केले आहे. शेवटची पावले ज्या फंक्शनमध्ये टाकली जातात त्याला 'इनिट' खूण नाही, आणि कोणी उगाच ते पहिल्यात विलीन करू नये म्हणून कारण वर टिपेत लिहिले आहे. पट्टा सोडणारे फंक्शनही तसेच पट्ट्याबाहेर. सोडण्याआधी ते थांबून पाहते, की समांतर चाललेली सुरुवातीची सगळी कामे खरोखर संपली का. लिनसच्या 20 केबीपलीकडच्या तुकड्याचाच हा मोठा झालेला अवतार.

आणि तरीही चूक होते. नेहमी लागणाऱ्या एखाद्या फंक्शनमधून कुणी 'इनिट'मधले फंक्शन बोलावले तर सुरुवातीला ते चालते, तपासणीत चालते, आणि महिनाभराने ग्राहकाच्या हातात फुटते. कारण तोवर त्या जागी दुसऱ्याच कुणाचा डेटा नांदत असतो. माझ्या एका बोर्डावर मी असा दोष तीन आठवडे शोधला आहे. नेटवर्कची तार उपसून पुन्हा लावली, तरच तो दिसायचा. आज कर्नल बांधतानाच असे चुकीचे संबंध हुडकून इशारा दिला जातो. शिवाय इंटेलच्या यंत्रांवर सोडलेल्या पानांत सीसी हा बाइट भरून ठेवायची पद्धत आहे. त्या प्रोसेसरच्या भाषेत त्याचा अर्थ 'इथेच थांब'. भलताच कोड तिथे आला तर भरकटत न जाता जागेवर पकडला जातो.

अशा शोधात पुण्याचाही हात लागला आहे. चालू कर्नलला दुसऱ्या संगणकावरून थांबवून आत डोकावू देणारे केजीडीबी हे हत्यार 2000 ते 2004 या काळात अमित काळे यांनी सांभाळले, पुढे 2006पर्यंत पुण्याच्याच लिनसिससॉफ्ट या कंपनीने. 2008मध्ये 2.6.26 या आवृत्तीत ते सडपातळ रूपात मुख्य कर्नलमध्ये आले. चालू करताना एक सूचना दिली की कर्नल सुरुवातीलाच थांबून जोडणीची वाट पाहतो. सेंट्रिंग काढण्याआधी खाली वाकून टेकू मोजण्यासारखेच ते.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो 'एकदाच' हा शब्द. तो कोडचा गुण नाही. तो जगाविषयीचा अंदाज आहे. काही वर्षे उपकरणांसाठी वेगळी खूण होती, प्रोसेसरच्या कोअरसाठी वेगळी. उपकरणे चालू करतानाच जोडलेली असतात आणि कोअर एकदाच जागे होतात, अशा यंत्रांवर तेवढा कोडही सोडून देता यावा म्हणून. मग यूएसबी आले, कुणीही कधीही काहीही खुपसू लागले. बऱ्याच फोनमध्ये तर यंत्र गाढ झोपले की पहिला कोअर सोडून बाकीचे बंद होतात आणि जाग आल्यावर पुन्हा उभे राहतात. भाच्याच्या खिशात दिवसातून कितीतरी वेळा! त्यांना उभे करणारा कोड आता एकदाच लागणारा उरला नव्हता. लिहिणाऱ्यांना मात्र प्रत्येक फंक्शनसमोर बसून विचार करावा लागायचा, हे कोणत्या खुणेखाली घालू. 2012-13च्या सुमारास उपकरणांची खूण गेली आणि 2013मध्ये पॉल गॉर्टमेकर यांनी कोअरची खूण सगळ्या कर्नलमधून उपटून काढली. बचत होते त्याहून गोंधळ जास्त होतो, हा त्यांचा मुद्दा. मला तो शंभर टक्के पटतो. केर झाडून सोने मिळत असेल तर जरूर झाडावा, पण त्यापायी घडणावळ बिघडू लागली तर थांबावे.

गंमत अशी, की त्यानंतर काही वर्षांतच 'सुरुवातीपुरते' या कल्पनेचा दुसरा उपयोग पुढे आला. काही डेटा सुरुवातीला एकदाच लिहिला जातो आणि नंतर फक्त वाचला जातो. 2016च्या 4.6 आवृत्तीपासून त्याला स्वतंत्र खूण मिळाली. सुरुवात संपली की तो डेटा टाकून द्यायचा नाही, त्यावर कुलूप घालायचे. मग घुसखोराला तो बदलता येत नाही. जागा वाचवण्यासाठी आखलेली रेघ आता घर सांभाळण्यासाठी वापरली जाते आहे, आणि माझ्या मते तिचे यापुढचे खरे काम हेच आहे.

पट्टा सुटला, कुलूप पडले, की कर्नलचे सुरुवातीचे अगदी थोडे काम उरते: 'इनिट' याच नावाचा पहिला बाहेरचा प्रोग्राम शोधून त्याच्या हाती घर देणे. अँड्रॉइडमध्ये हा प्रोग्राम आधी सिस्टीमचा भाग स्टोरेजवरून जोडून घेतो. तो भाग खराब असला तर त्याला पुढे जाता येत नाही आणि फोन स्वतःला पुन्हा चालू करतो. भाच्याच्या फोनचा आकडा नेमका इथेच कोसळत होता. सेंट्रिंग नीट निघाले होते, स्लॅब उभा होता, राहायला येणारा सापडत नव्हता.

"डेटा जाएगा," कारागीर म्हणाला. भाच्याने माझ्याकडे पाहिले, मग नोट्स दुसरीकडे ठेवल्याचे आठवून मान हलवली. नवी सिस्टीम चढायला वीस मिनिटे लागली. कारागिराने पुन्हा बटण दाबले. आकडा उठला, थबकला, चढला, मघाच्या जागी आला आणि या वेळी पडला नाही. तो हलकेच वर-खाली होत राहिला. कारागिराने तेव्हा प्रथमच मान वळवून पडद्याकडे पाहिले. तिथे भाषा निवडायला सांगत होते. भाच्याचे बोट यादीत खाली सरकत मराठीपाशी थांबले.