'सेल्फ घेत नाही' : एका तक्रारीचे विश्लेषण

मोटारचालकांच्या बोलण्यात 'गाडी सेल्फ घेत नाही' हे वाक्य वारंवार येते. यातील 'सेल्फ' हा 'सेल्फ-स्टार्टर' या सामासिक शब्दाचा अवशेष होय. चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विद्युत् स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत प्रथम बसविण्यात आला. तत्पूर्वी इंजिनाला हाताने हँडल मारावे लागे. ते काम यंत्र आपले आपण करू लागले, म्हणून ते 'सेल्फ'. आपल्याकडील बोलीने या समासातील मुख्य पद टाकून दिले आणि गौण पदालाच पुल्लिंगी नामाचा दर्जा दिला.

शब्द आखूड झाल्याने काही बिघडत नाही. परंतु तक्रार आखूड झाली म्हणजे बिघडते. वरील एका वाक्यात निदान पाच भिन्न अवस्था सामावलेल्या असतात व त्यांची कारणे परस्परांहून वेगळी असतात. त्या वेगळ्या न केल्याने पुष्कळदा धडधाकट स्टार्टर बदलला जातो आणि मूळ दोष, उदाहरणार्थ बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेला क्षार, जागच्या जागी राहतो. १२ व्होल्टची बॅटरी आणि हाताने बदलावयाचे गिअर असलेल्या साध्या मोटारीपुरता हा भेद घरच्या घरी कसा करावा, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम रचना ध्यानात घ्यावी. किल्ली फिरविली की अल्प प्रवाह सोलेनॉइड या विद्युच्चुंबकाकडे जातो. सोलेनॉइड दोन कामे करतो : स्टार्टरचे लहान दंतचक्र पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवितो, आणि जाड तांब्याचे संपर्क जोडून बॅटरीचा प्रबळ प्रवाह मोटरला देतो. लहान मोटारीतही हा प्रवाह शंभर अँपिअरच्या पुढे जातो. म्हणून दिवे लागण्यास पुरेशी असलेली बॅटरी स्टार्टर फिरविण्यास पुरेशी असेलच असे नाही.

आता आवाजांकडे वळू. मराठीतील अनुकरणवाचक शब्द या कामी फार उपयोगी पडतात, कारण त्यांत एकवार घडणारी आणि पुनःपुन्हा घडणारी क्रिया रूपानेच वेगळी दाखविलेली असते.

(१) 'टकटकटक' असा द्रुत आवाज : येथे द्विरुक्ती अक्षरशः खरी आहे. सोलेनॉइड संपर्क जोडतो. मोटर प्रवाह ओढू लागताच दुबळ्या बॅटरीचा दाब कोसळतो. सोलेनॉइडची पकड सुटते. भार जाताच दाब पुन्हा चढतो, आणि हेच चक्र परत सुरू होते. दोष बहुधा बॅटरीत अथवा तिच्या टर्मिनलांत असतो, स्टार्टरमध्ये नव्हे.

(२) एकदाच 'खट्' : सोलेनॉइड ओढला गेला, पण मोटर फिरली नाही. अशा वेळी हेडलाइट लावून पाहावे. 'खट्' होताच ते अगदी मंदावले, तर प्रवाह ओढला जात आहे. मोटर अडकली आहे किंवा बॅटरी क्षीण आहे. दिवे जसेच्या तसे राहिले, तर प्रवाह मोटरपर्यंत पोचतच नाही. सोलेनॉइडचे संपर्क जळाले असावेत किंवा मोटरचे कार्बन झिजले असावेत.

(३) संपूर्ण शांतता : दिवेही लागत नसतील तर बॅटरी व टर्मिनल पाहावे. दिवे तेजस्वी असतील तर किल्लीचा स्विच, रिले, सोलेनॉइडकडे जाणारी बारीक तार, आणि काही गाड्यांत क्लचखालचा सुरक्षा-स्विच यांची परीक्षा करावी.

(४) मोटरची नुसती 'घूंऽऽ' : मोटर फिरते, इंजिन मात्र स्थिर. दंतचक्र अडकत नाही, किंवा ज्यास मेकॅनिक 'बेंडिक्स' म्हणतात तो भाग निसटत आहे. 'करकर' ऐकू आल्यास दाते झिजल्याचा संशय घ्यावा.

(५) रेंगाळणारी 'घर्र... घर्र' : इंजिन फिरते, पण जडपणे. क्षीण बॅटरी किंवा सैल केबल हे याचे नित्याचे कारण.

याखेरीज इंजिन नेहमीच्या वेगाने फिरत असूनही पेट घेत नसेल, तर स्टार्टर निर्दोष आहे. शोध इंधन व ठिणगी यांकडे वळवावा.

कानाने बांधलेला तर्क मापनाने पडताळावा. साधा मल्टिमीटर त्यास पुरतो. काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो, १२.२ च्या आसपास तो आला तर ती अर्धीच भरलेली समजावी. दुसऱ्याने किल्ली फिरविली असता हा दाब साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. बॅटरी समर्थ ठरली, तर मीटरची एक सळई बॅटरीच्या धन खांबावर व दुसरी स्टार्टरच्या जाड टर्मिनलवर ठेवून तीच क्रिया करावी. मोटर प्रवाह ओढीत असताना येथे अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर त्या वाटेवरील एखादा जोड किंवा सोलेनॉइडचा संपर्क दाब खात आहे. ऋण खांब व स्टार्टरचे कवच यांमधील फरक याहूनही कमी असावयास हवा.

कार्बन झिजल्याचा संशय असल्यास कवचावर लाकडी दांड्याने हलकेच ठोकून पाहतात. मोटर फिरली तर निदान पक्के झाले, दोष गेला नाही. जोराने ठोकू नये; आजच्या अनेक स्टार्टरांत स्थायी चुंबक असतात, ते तडकतात.

काही पथ्ये अनिवार्य आहेत. गाडी न्यूट्रलमध्ये व हँडब्रेक ओढलेली असावी, आणि कोणाचेही हात फिरत्या भागांजवळ नसावेत. हातातील अंगठी व कडे काढावे. बॅटरीतून ज्वलनशील हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. जोड सोडताना ऋण केबल प्रथम काढावी व शेवटी लावावी. किल्ली एका वेळी दहा सेकंदांहून अधिक धरू नये. सोलेनॉइडचे खांब पान्याने जोडून गाडी चालू करण्याची रस्त्यावरची युक्ती घरी टाळावी. गाडी गिअरमध्ये राहिली असल्यास ती समोरच्या माणसावर जाते.

एवढे झाल्यावर स्टार्टर उतरविण्याचे काम मेकॅनिककडे सोपविण्यास हरकत नाही. मात्र त्यास 'सेल्फ घेत नाही' एवढेच न सांगता, 'एकदाच खट् होते, दिवे मंदावत नाहीत, बॅटरी १२.६ आहे' असे सांगावे. पहिल्या वाक्यावर तो अंदाजाने एखादा भाग बदलील. दुसऱ्या वाक्यावर कोणता भाग तपासावयाचा, हे त्यास गाडीपाशी येण्यापूर्वीच कळलेले असेल.