आयईएलटीएस मौखिक परीक्षेतील बालपण व छायाचित्रण: स्वरूप आणि अध्यापनाची दिशा

परदेशी विद्यापीठांत प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना इंग्रजीवरील प्रभुत्व सिद्ध करावे लागते. १९८९ पासून घेतली जाणारी आयईएलटीएस ही त्यासाठीची एक प्रमुख परीक्षा होय. तिच्या मौखिक भागात बालपणीचा आनंद, छायाचित्रण यांसारखे परिचित विषय येतात. या विषयांची तयारी पाठांतराने का होत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ही मुलाखत ११ ते १४ मिनिटांची असते. पहिल्या भागात छायाचित्रे काढण्याच्या आवडीसारखे व्यक्तिगत प्रश्न असतात. दुसऱ्या भागात विषयपत्रिका मिळते. एक मिनिट विचार करून बालपणीच्या एखाद्या आनंदाच्या प्रसंगावर एक ते दोन मिनिटे सलग बोलावयाचे असते. तिसऱ्या भागात त्याच विषयाची व्यापक चर्चा होते. पूर्वीची मुले अधिक सुखी होती काय, छायाचित्रामुळे स्मृती टिकते काय, असे प्रश्न तेथे संभवतात.

मूल्यमापनात ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चार निकषांना समान भार असतो. प्रसंग किती असामान्य होता, यास गुण नसतात. त्यामुळे ज्याच्या घरी बालपणीचे एकही छायाचित्र नाही, असा विद्यार्थी कोणत्याही अर्थाने उणा ठरत नाही. उलट, उसने उत्तर तिसऱ्या भागातील अनपेक्षित प्रश्नापुढे अपुरे पडते.

मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या अडचणी निश्चित स्वरूपाच्या आहेत. ‘आम्ही विहिरीवर पोहायला जात असू’ या रीतिभूतकाळासाठी इंग्रजीत ‘यूज्ड टू’ किंवा ‘वुड’ लागते. एकदाच घडलेल्या प्रसंगास साधा भूतकाळ पुरतो. ‘फोटो काढणे’ याचे शब्दशः भाषांतर चुकते. तेथे ‘टेक’ हे क्रियापद योजावे लागते. ‘हुरडा’ या शब्दास इंग्रजी प्रतिशब्द शोधत अडखळण्याऐवजी, निखाऱ्यावर भाजलेले ज्वारीचे कोवळे दाणे, असे सोप्या इंग्रजीत स्पष्ट करता येणे हीच भाषिक क्षमता होय.

म्हणून अध्यापकांनी तयार उत्तरे देण्याऐवजी विद्यार्थ्याला स्वतःचा प्रसंग, त्याचे कारण आणि त्यावरील मत या क्रमाने बोलते करावे. ग्रामीण विद्यार्थ्याचे अनुभवविश्व ही त्याची उणीव नसून त्याची सर्वांत विश्वासार्ह भाषिक सामग्री आहे.