पोलाद कापणारी आग

१९६१ साली आपल्या नौदलात दाखल झालेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि २०१४ च्या अखेरीस मुंबईच्या दारूखान्यात तिची तोडणी सुरू झाली. सुमारे सातशे फूट लांबीचा तो पोलादी देह! अशा जहाजांचे तुकडे पाडण्याचे नेहमीचे हत्यार मात्र एका माणसाच्या हातात सहज मावते. ते म्हणजे गॅस कटर.

‘गॅसने लोखंड वितळवून कापतात’ असे आपण सर्रास म्हणतो. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. खरे पाहता लोखंड येथे जळते.

जळणे म्हणजे प्राणवायूशी, म्हणजे ऑक्सिजनशी, झपाट्याने होणारा संयोग. लोखंड गंजते तेव्हाही प्राणवायूशीच संयोग होत असतो. फक्त पाण्याच्या संगतीने आणि अत्यंत मंद गतीने. तेच लोखंड सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून त्यावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडला, तर वर्षानुवर्षांचे काम क्षणात होते.

कटरच्या तोंडाशी बारीक छिद्रांचे एक कडे असते आणि मध्ये एक स्वतंत्र छिद्र असते. कड्यातून ॲसिटिलिन किंवा एलपीजी ऑक्सिजनमध्ये मिसळून जळतो. त्या ज्योतींनी पत्र्याची कड लालभडक झाली, की कारागीर खटका दाबतो आणि मधल्या छिद्रातून शुद्ध ऑक्सिजन सुटतो. लोखंड पेट घेते. त्यातून निघणारी उष्णता खालच्या थराला तापवते, तोही पेटतो आणि अशा रीतीने आग आरपार जाते. ज्योत ही केवळ काडी होय. सरपण लोखंडच पुरवते. जळून झालेले ऑक्साइड पोलादापेक्षा कमी तपमानाला वितळते, म्हणून त्याची मळी झोताबरोबर खाली गळून जाते आणि फट मोकळी राहते. म्हणूनच फूटभर जाडीचे पोलादही या पद्धतीने कापता येते.

मग स्टेनलेस स्टील असे का कापत नाही? त्यातील क्रोमियमचे ऑक्साइड सहजी वितळत नाही. ते झाकणासारखे बसून आग कोंडते. ॲल्युमिनियमचेही तसेच. धातू ६६० अंशांना वितळतो, परंतु त्याच्या ऑक्साइडला दोन हजारांहून अधिक अंश लागतात. अशा धातूंसाठी प्लाझ्मा वापरतात. विजेच्या ठिणगीतून वायूचा झोत जाऊन तो प्रचंड तापतो आणि धातू खरोखरच वितळवतो. पण ही बहुतेक उष्णता बाहेरून पुरवावी लागते. जाडी वाढली, की यंत्रही मोठे लागते. लहान कारखान्यांतील प्लाझ्मा यंत्रे दीड-दोन इंचांच्या पुढे सहसा जात नाहीत. वाळूसारखी कठीण पूड मिसळलेल्या पाण्याचा अतिदाबाचा झोतही पोलाद कापतो. त्यात धातू तापत नाही, हा मोठा गुण. परंतु जाड पत्र्यात तो फार सावकाश चालतो.

ही सारी माहिती केवळ कुतूहलापुरती नाही. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, तो इतरांना जाळतो. लोखंडासारखी वस्तू जिथे सरपण होते, तिथे कापूस, तेल आणि माणसाचे कपडे यांची काय कथा! म्हणून ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या तोटीला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये; त्याच्या झोताने अंगावरची धूळ उडवू नये. टाकी बाहेरून रिकामी दिसली, तरी आतील तेलाची वाफ पेटण्यास तयार असते. २०१४ च्या जूनमध्ये गुजरातेतील अलंग येथे जहाज तोडताना वायूचा स्फोट होऊन पाच कामगार प्राणास मुकले.

म्हणून कापणीपूर्वी टाकी वायुमुक्त असल्याची तपासणी आवश्यक असते. जहाजतोडणीच्या सुरक्षिततेविषयीचा हाँगकाँगचा आंतरराष्ट्रीय करार २००९ साली संमत झाला. तो अमलात येण्यास जून २०२५ उजाडला. तथापि करार कागदावर राहतो आणि कटर मजुराच्या हाती असतो. त्या मजुराला आपण काय पेटवीत आहोत हे समजावून सांगणे आणि पत्र्याच्या पलीकडे काय आहे हे तपासल्यावाचून खटका दाबण्यास त्याला कोणीही भाग न पाडणे, ही आमच्या मते या विद्येची पहिली अट आहे.