शस्त्रक्रियेआधी आडनाव विचारणारे

हृदयशस्त्रक्रिया विभागाबाहेरच्या बाकड्यावर आम्ही अकरा दिवस काढले. आमच्या वस्तीतील एका बांधकाम मजुराचा तीन वर्षांचा मुलगा तिथे दाखल होता. पोर जन्मापासून निळसर. रडले की ओठ जांभळे पडत आणि चार पावले चालले की ते मध्येच उकिडवे बसे. घरच्यांना वाटे, खोडच आहे त्याची! वास्तविक तसे बसल्याने फुप्फुसाकडे जाणारे रक्त वाढते व जिवाला थोडा आराम पडतो. हे त्या पोराला कोणी शिकवले नव्हते, त्याच्या देहानेच ते शोधून काढले होते. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरबाईंनी ते बसणे पाहिले आणि पुढची चक्रे फिरली. त्याआधी एका खाजगी रुग्णालयाने या माणसाला, 'आधी दोन लाख भरा, मग बोलू' असे सांगून परत पाठवले होते. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा लेकरांची शस्त्रक्रिया मोफत होते, हे त्या बापाला कोणी सांगितलेच नव्हते.

सरकारी रुग्णालयातले सर्जन चाळिशीचे. त्यांनी बापाऐवजी आईला समोर बसवले. केसपेपरच्या पाठीवर हृदयाचे चित्र काढले. "ताई, हे चार कप्पे. इथे मधल्या पडद्याला भोक आहे आणि इथे फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आहे. म्हणून खराब रक्त चांगल्यात मिसळतं. आपण भोकाला ठिगळ लावणार आणि वाट रुंद करणार. तेवढा वेळ हृदयाचं काम यंत्र करेल." मग धोकाही सांगितला, काही न लपवता. आजी पाया पडायला वाकली तेव्हा ते चटकन मागे सरले. "आजी, हे नको. तुम्ही फक्त त्याला सर्दी-ताप येऊ देऊ नका." ती माउली आयुष्यभर दवाखान्यात 'ए म्हातारे, बाजूला हो' एवढेच ऐकत आली. तिला हे नवीनच होते. रात्री ती आम्हाला म्हणाली, "बाबा, डॉक्टर मला आजी म्हणला." ऑपरेशनबद्दल ती काही बोललीच नाही!

शेजारच्या खाटेवर आठ वर्षांची एक मुलगी होती. घरचे खाऊनपिऊन सुखी, परजिल्ह्यातले. तिचे काका दुसऱ्या दिवशी बाकड्यावर आमच्या जवळ सरकले आणि हळू आवाजात विचारते झाले, "काय हो भाऊ, हे डॉक्टर कोण म्हणायचे? आडनाव कळलं, पण काही अंदाज येईना. कोट्यातले तर नाहीत ना? हृदयाचं काम आहे, म्हणून विचारलं."

आम्ही कोण, याचाही त्यांना अंदाज आला नसावा.

या प्रश्नाला आम्ही बाकड्यावर उत्तर दिले ते इथेही देतो, कारण आमच्या कित्येक वाचकांना हाच प्रश्न रेल्वेच्या डब्यात, कचेरीत, सोसायटीच्या बैठकीत ऐकावा लागतो. आरक्षण आहे ते प्रवेशाला. एम.बी.बी.एस.च्या परीक्षेत उत्तीर्ण होण्याचे गुण सर्वांना सारखेच, तिथे जात पाहून कोणाला गुण वाढवून मिळत नाहीत. आणि हृदयशस्त्रक्रियेची एम.सी.एच. ही पदवी अतिविशेषज्ञ अभ्यासक्रमात मोडते. त्याच्या अखिल भारतीय प्रवेशात अनुसूचित जाती-जमातींना आरक्षणच नाही! म्हणजे ज्या खुर्चीकडे बोट दाखवून 'कोट्यातला' म्हटले जाते, त्या खुर्चीपर्यंत कोटा पोहोचतच नाही. उलट, पैसे मोजून घेतलेल्या खाजगी महाविद्यालयातील जागांबद्दल हे काका कधी विचारतील काय? तिथे गुणवत्तेचा टेंभा विझलेला असतो. २००६ साली दिल्लीच्या एम्समध्ये आरक्षणविरोधी आंदोलन पेटले. त्यानंतर तेथील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली आणि २००७ साली भेदभावाचा अहवाल सरकारपुढे ठेवला. तो अहवाल किती डॉक्टरांनी वाचला असेल, हा भाग वेगळा.

काका ऐकून घेत होते. पटले की नाही, कोण जाणे.

त्या रात्री आम्हाला राहून राहून व्हिव्हियन थॉमस आठवत होता. जे ऑपरेशन आमच्या पोरावर व्हायचे होते, त्याची पहिली वाट या माणसाने काढली. गुलामाचा नातू, सुताराचा मुलगा, स्वतःही सुतारकाम करणारा. डॉक्टर होण्यासाठी साठवलेले पैसे मंदीत बँक बुडाली तेव्हा गेले. १९३० साली तो नॅशव्हिलला डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागला. काम संशोधनाचे आणि हुद्दा व पगार मात्र झाडूवाल्याचा! १९४१ साली ब्लॅलॉक त्याला घेऊन बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आले. तिथे गोऱ्यांची आणि काळ्यांची स्वच्छतागृहे वेगळी. पांढरा कोट घालून काळा माणूस व्हरांड्यातून चालला की लोक थांबून बघत. बालरोगतज्ज्ञ डॉ. हेलन टाउसिग यांच्याकडे निळी लेकरे येत आणि मरत. या बाईंना ऐकू येत नसे, त्या बोटांनी हृदयाचे ठोके जाणत. फुप्फुसाला जादा रक्त पोहोचवता येईल का, हा प्रश्न त्यांनी ब्लॅलॉकपुढे ठेवला आणि ब्लॅलॉकने तो थॉमसच्या हातात दिला. थॉमसने कुत्र्यांवर वर्षभराहून अधिक काळ प्रयोग करून रक्तवाहिन्या जोडण्याची पद्धत बसवली आणि त्यासाठीची हत्यारेही तयार केली.

२९ नोव्हेंबर १९४४. आयलीन सॅक्सन नावाची पंधरा महिन्यांची मुलगी टेबलावर. वजन जेमतेम चार किलो. आईबापांपुढे दुसरा मार्गच उरला नव्हता. चाकू ब्लॅलॉकच्या हातात, पण त्यांनी आग्रहाने थॉमसला बोलावून आपल्या मागे पायरीवर उभे केले. टाका योग्य दिशेने पडतो आहे ना, हे ते त्याला विचारत होते. आयलीन त्यातून वाचली, पण काही महिन्यांनी पुन्हा त्रास होऊन गेली. पुढच्या एका मुलाचे ओठ मात्र टेबलावरच गुलाबी झाले. मग देशभरातून आईबाप निळी लेकरे घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले. वर्षभरात दोनशेवर शस्त्रक्रिया झाल्या. १९४५ साली वैद्यकीय नियतकालिकात लेख आला तो ब्लॅलॉक आणि टाउसिग यांच्या नावाने. थॉमसचे नाव त्यात कुठेच नव्हते. घर भागवण्यासाठी तो ब्लॅलॉकच्याच मेजवान्यांत दारूचे पेले भरून देत असे.

त्या गोऱ्या आईबापांनी कधी विचारले असते, 'शिकवणारा कोण?' तर? उत्तर ऐकून त्यातले किती जण लेकरू उचलून घरी गेले असते? याच काळात, १९४२ पासून, अमेरिकन रेडक्रॉस काळ्या माणसाचे रक्त वेगळी चिठ्ठी लावून वेगळे ठेवत होती, ते थेट १९५० पर्यंत! हॉपकिन्सने थॉमसला मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ साली, तीही वैद्यकाची नव्हे, कायद्याची. त्याआधी त्याने शिकवलेल्या सर्जननी त्याचे तैलचित्र करवून घेतले आणि १९७१ साली ते ब्लॅलॉकच्या चित्राच्या सोबत लागले.

रक्ताचे निघाले म्हणून सांगतो. आमच्या पोरासाठी चार बाटल्यांच्या बदली रक्त द्यायचे होते. भीमजयंती मंडळाची नऊ पोरे सकाळीच रक्तपेढीत हजर! चौघांचे काम झाले, पाच उरले. काकांचे या शहरात कोणी नव्हते. त्यांच्या भावाला काही आजारामुळे रक्त देता येईना आणि स्वतः काकांचे वय गेलेले. आम्ही पोरांकडे पाहिले. मंडळाचा खजिनदार म्हणाला, "दादा, रिकामं कशाला जायचं?" तिघांनी त्या मुलीच्या नावावर रक्त दिले. रक्तपेढीतल्या बाईंनी पिशवीवर गट लिहिला, तारीख लिहिली, क्रमांक लिहिला. आडनावाला तिथे रकानाच नव्हता. काका शेजारी उभे राहून सगळे पाहत होते.

आमच्या पोराचे ऑपरेशन साडेपाच तास चालले. दुसऱ्या दिवशी आजीला अतिदक्षता विभागात दोन मिनिटे सोडले. बाहेर येऊन ती एवढेच म्हणाली, "नखं पाह्यली. शेंगदाण्याच्या सालासारखी लाल झालीत." तिसऱ्या दिवशी त्याच सर्जननी काकांच्या पुतणीचे ऑपरेशन केले, तेही नीट पार पडले. संध्याकाळी काका पुन्हा बाकड्यावर येऊन बसले. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुमचे डॉक्टर आज रात्री राउंडला येतील का हो?"

तुमचे! आम्ही म्हटले, "आपले डॉक्टर आठ वाजता येतात."

ते आठला दहा कमी असताना आले. काका उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. सर्जननी त्यांना बसायला सांगितले, मुलीचा तक्ता पाहिला आणि विचारले, "दुपारी जेवली का?" आमच्या पोराला सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला न्यायचे आहे. वस्तीत आता ते धावते आणि मध्ये बसत नाही, म्हणून त्याची आई हातातले काम टाकून त्याच्यामागे पळत असते.