मुलीला गुण देऊ नका

“आठवीतल्या लेकीचा आत्मसन्मान वाढावा म्हणून तिचं सतत कौतुक करावं का?” मुलुंडच्या एका आईचा प्रश्न. स्पष्टच सांगतो, नको.

आत्मसन्मान मोजतात कसा, ते आधी पाहा. अंधेरी-घाटकोपरच्या शाळांत प्रबंधांसाठी मुलींकडून दोन प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात. एक भावनिक बुद्धिमत्तेची, म्हणजे भावना ओळखण्या-हाताळण्याच्या क्षमतेची, दुसरी आत्मसन्मानाची. दुसरी बहुधा समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांची असते: १९६५ची, अवघ्या दहा विधानांची. दोन्हींचे आकडे एकत्र चढतात आणि ‘भावनिक बुद्धिमत्तेमुळे आत्मसन्मान वाढतो’ असा मथळा तयार होतो. पण दोन्हीकडे मुलगी स्वतःबद्दल स्वतःच सांगत असते. त्या दिवशी ती खुशीत असली तर दोन्ही कागदांवर चांगल्या पर्यायांवरच खुणा करणार! म्हणूनच १९९०मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची संकल्पना मांडणाऱ्या सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी पुढे चेहऱ्यावरचे भाव प्रत्यक्ष ओळखायला लावणारी चाचणी बनवली. गाजलं मात्र याच विषयावरचं १९९५चं गोलमन यांचं पुस्तक.

कॅलिफोर्नियाने तर १९८६मध्ये आत्मसन्मान वाढवायला सरकारी समितीच नेमली होती. २००३मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी साऱ्या संशोधनाचा आढावा घेतला. आत्मसन्मान चांगला असलेली माणसं जास्त आनंदी असतात, हे खरं निघालं. पण तो फुगवल्याने अभ्यास सुधारल्याचा पुरावा मिळाला नाही.

आत्मसन्मान फुगवण्यातला धोका अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस आधीपासून सांगत होते आणि त्यांचा विचार मराठीत रुजवला मुंबईच्या कि. मो. फडके यांनी. एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून फडके यांनी एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती इथे आणली. महाराष्ट्राने या माणसाचं ऋण पुरेसं मानलेलं नाही, याची मला मनापासून खंत आहे. एलिस यांचं म्हणणं असं की, कृतीला गुण द्या, माणसाला नको. गणितात वीसपैकी सात मिळाल्यावर ‘माझी समीकरणं कच्ची आहेत’ म्हणणारी मुलगी संध्याकाळी वही उघडते. ‘मी ढच आहे’ म्हणणारी दप्तरालाही हात लावत नाही. आणि ‘तू हुशारच आहेस’ हे ऐकत वाढलेली मुलगी त्याच सापळ्यात अडकते, कारण तिचीही किंमत निकालावरच ठरते.

तेव्हा कौतुक जरूर करा, पण तिने काय केलं त्याचं. शेजारच्या मुलीचे टक्के जेवणाच्या ताटावर काढू नका. आणि मुलगी दोन-दोन आठवडे गप्प असेल, झोप-जेवण तुटलं असेल, तर उपदेश बाजूला ठेवून समुपदेशक किंवा डॉक्टरांना गाठा. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.